कृष्णविवरं आणि कोवळं विश्व: या विषयात संशोधक म्हणून उभं राहायचं तर

कुठलाही अर्ज भरण्याआधी कागद-पेन घेऊन एक गणित करा.

२०१७ साली सापडलेला एक क्वेसार (मधल्या कृष्णविवरात पडणाऱ्या द्रव्यामुळे झगझगणारं दीर्घिकेचं केंद्र) आहे, यूएलएएस जे१३४२+०९२८. ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणानं प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप, ७.५४. आज दिसणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय होतं ६९ कोटी वर्षं, आणि त्याच्या पोटातलं कृष्णविवर तेव्हाच सुमारे ८० कोटी सूर्यांएवढं भरलं होतं. कृष्णविवर एडिंग्टन मर्यादेला (बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा दाब आत पडणारं द्रव्य रोखू लागतो ती सीमा) चिकटून अखंड गिळत राहिलं, तर वस्तुमान २.७२ पट व्हायला लागणारा काळ असा काढतात: ४५ कोटी वर्षं गुणिले कार्यक्षमता, भागिले (१ वजा कार्यक्षमता). कार्यक्षमता म्हणजे आत पडणाऱ्या द्रव्याचा किती हिस्सा प्रकाश होऊन निसटतो ते. नेहमीचा आकडा ०.१ धरला की काळ येतो ५ कोटी वर्षं. पहिले तारे विश्व १८ कोटी वर्षांचं असताना पेटले असं माना. हातात उरली ५१ कोटी वर्षं, म्हणजे २.७२ पटीचे सव्वादहाच्या आसपास टप्पे, म्हणजे एकूण २७,००० पट वाढ. उलटं मोजत गेलात तर सुरुवातीचं बीज निघतं ३०,००० सूर्यांएवढं. पहिल्या पिढीतला तारा मेल्यावर मागे उरणारं कृष्णविवर मात्र शंभरेक सूर्यांचं. मधे तीनशे पटींचा खड्डा.

आता कार्यक्षमता बदलून बघा. न फिरणाऱ्या कृष्णविवराची ०.०५७ असते. ती घातली की बीज निघतं जेमतेम सहा सूर्यांचं आणि कोडंच संपतं. जवळजवळ कमाल वेगानं फिरणाऱ्याची ०.३२. ती घातली की बीज सात कोटी सूर्यांचं लागतं, आणि तसलं बीज कुणालाच माहीत नाही. एकाच आकड्यामुळे उत्तर कोटीभर पटींनी हललं. त्यातही कृष्णविवराला कधी उपास घडलाच नाही हे आपण गुपचूप धरलंय. निम्मा वेळ ते उपाशी राहिलं असं धरा आणि तिसऱ्यांदा गणित करा.

या विषयातली माणसं ओळखली जातात ती असल्या एखाद्या आकड्यावरून. अमुक आकडा कुठून येतो, कशाने फसतो, तो सुधारायला काय लागेल, हे ज्याला बाकीच्यांपेक्षा चांगलं कळतं त्याचं नाव निवड समितीत घेतलं जातं. तेव्हा पहिला निर्णय आपली कडी निवडण्याचा.

साखळी आणि तिच्यातली आपली कडी

प्रकाश दुर्बिणीत येतो, त्याचा वर्णपट होतो, वर्णपटातल्या रेषेची रुंदी मोजली जाते, रुंदीवरून वस्तुमान, वस्तुमानावरून वाढीचा इतिहास, इतिहासावरून बीज. प्रत्येक सांध्याला काही गृहीतकं आहेत आणि प्रत्येक सांध्यावर वेगळ्या कौशल्याची माणसं बसलेली आहेत.

सगळ्यात जास्त गर्दी सध्या निरीक्षणात आहे. जेम्स वेब अवकाश दुर्बीण, थोडक्यात वेब, २५ डिसेंबर २०२१ला उडाली आणि २०२२च्या मध्यापासून तिनं विज्ञान सुरू केलं. त्यानंतर ‘लिटल रेड डॉट्स’ नावाच्या लालसर, ठिपक्यासारख्या, रुंद हायड्रोजन रेषा दाखवणाऱ्या वस्तूंचा ढीग लागला. त्यात वाढणारी कृष्णविवरं आहेत असं बहुतेकांचं मत आहे, पण ती किती वजनाची, यावर भांडण चालू आहे. इथे डेटा मुबलक आणि बराचसा खुला आहे. तोच डेटा त्याच आठवड्यात आणखी तीन गट चाळत असतात, हा दुसरा भाग. ज्याला घाई सोसत नाही त्यानं इथे नुसत्या ‘शोधा’च्या मागे धावू नये. मोजमापाची पद्धत सुधारणारं काम हळू चालतं, पण ते सहसा कुणी पळवत नाही.

सिम्युलेशनमध्ये जायचं असेल तर आधी हे समजून घ्या की मोठ्या संगणकीय विश्वांमध्ये कृष्णविवरं आपोआप जन्मत नाहीत, ती पेरावी लागतात. इलस्ट्रिस-टीएनजी या सिम्युलेशनमध्ये पुरेशी मोठी दीर्घिका-प्रभा (दीर्घिकेला वेढणारा, न दिसणाऱ्या गुप्त द्रव्याचा गोळा) तयार झाली की तिच्या मध्यभागी सुमारे १२ लाख सूर्यांचं बीज ठेवलं जातं. मग त्याच सिम्युलेशनला ‘पहिलं बीज किती वजनाचं होतं?’ असं विचारण्यात अर्थ नाही, कारण उत्तर आपणच आत घातलंय. विद्यार्थी ही चूक वरचेवर करतात. खरी कडी आहे मोजपट्टीची: १०० कोटी सूर्यांच्या कृष्णविवराची क्षितिज-त्रिज्या साधारण ३०० कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या वीसपट, आणि सिम्युलेशनचा डबा कोट्यवधी प्रकाशवर्षांचा. मधल्या मोजपट्ट्यांवर काय घडतं ते सूत्र म्हणून घुसवावं लागतं. ते सूत्र कशावर उभं आहे हे सांगता येणारी माणसं थोडी आहेत.

गुरुत्वीय लहरींचं गणित वेळेचं आहे. जमिनीवरच्या लायगोसारख्या यंत्रांना हलकी, ताऱ्यांच्या वजनाची कृष्णविवरं ऐकू येतात. कोवळ्या विश्वातल्या हजारो ते लाखो सूर्यांच्या जोड्यांसाठी अवकाशातली लिसा ही लहरी टिपणारी वेधशाळा हवी. युरोपीय अवकाश संस्थेनं तिला जानेवारी २०२४मध्ये अंतिम मंजुरी दिली, उड्डाण २०३५च्या सुमारास अपेक्षित आहे. आज पीएच.डी.ला लागणारा माणूस तेव्हा कायमच्या जागेच्या उंबरठ्यावर असेल. हा योग चांगला आहे, पण मधल्या दहा वर्षांत खरा डेटा नसेल. तोवर खोट्या डेटावर पद्धती घासायच्या, आणि सोबत पल्सार टायमिंग (पल्सार ताऱ्यांच्या स्पंदांच्या वेळेतल्या फरकांवरून लहरी शोधणं) किंवा जमिनीवरच्या यंत्रांचं एखादं खरं काम हाताशी ठेवायचं.

पहिल्या ताऱ्यांचा काळ रेडिओतून, हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर रेषेतून पकडू पाहणारे लोक वेगळ्याच जातीचे. इथे सगळी लढाई यंत्राच्या कॅलिब्रेशनची. २०१८मध्ये एजेस या रेडिओ अँटेनाच्या प्रयोगानं आकाशाच्या वर्णपटात ७८ मेगाहर्ट्झजवळ एक खोल खड्डा दिसल्याचं जाहीर केलं. त्यावर गुप्त द्रव्याच्या सिद्धांतांचा पाऊस पडला, आणि २०२२मध्ये सारस-३ या दुसऱ्या अँटेना-प्रयोगाच्या मोजमापात तो आकार सापडला नाही. अँटेना, तिच्याखालची जमीन, आकाशगंगेचा हजारो पट मोठा गोंगाट, यांतलं काहीही असा खड्डा बनवू शकतं. हाताला सोल्डरिंगचं वावडं नसलेल्या विद्यार्थ्याला इथे फार मागणी आहे.

पाया

थोडक्यात. सामान्य सापेक्षता एवढी हवी की श्वार्झशिल्ड मेट्रिकमधून (न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवतीच्या अवकाश-काळाच्या सूत्रातून) सगळ्यात आतली स्थिर कक्षा स्वतः काढता यावी, आणि वरचा ०.०५७ तिथूनच कसा येतो हे कागदावर दाखवता यावं. प्रारणाच्या प्रक्रिया, द्रवगतिकी, विश्वरचनाशास्त्र यांचा एकेक पूर्ण अभ्यासक्रम. संख्याशास्त्राला मात्र भौतिकशास्त्राएवढाच वेळ द्या. बेझियन अनुमान, नमुना निवडीतला पक्षपात, मार्कोव्ह साखळ्या. या विषयात पेपर पडतात ते बहुधा सापेक्षता चुकल्यामुळे पडत नाहीत, ‘आपल्याला फक्त तेजस्वी तेच दिसतं’ हे विसरल्यामुळे पडतात. पायथॉन, त्यातलं खगोलशास्त्राचं ॲस्ट्रोपाय आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट रोजच्या वापराचे. सिम्युलेशनवाल्यांना सी++ आणि समांतर संगणन टाळता येत नाही.

पहिलं मोजमाप: एका वर्णपटातून कृष्णविवराचं वजन

पीएच.डी.च्या आधी किंवा पहिल्या सहा महिन्यांत हे काम हातावेगळं करावं. खुला डेटा पुरतो, लॅपटॉप पुरतो.

लांबच्या क्वेसारपासून सुरुवात करू नका. स्लोन सर्वेक्षणाच्या सोळाव्या डेटा-प्रकाशनातल्या क्वेसार यादीत साडेसात लाख क्वेसार आहेत. त्यातले ताम्रसृती ०.५ ते ०.८ मधले वीस निवडा. याच पट्ट्यात का, तर मॅग्नेशियमची २७९८ अँगस्ट्रॉमची रेषा आणि हायड्रोजन-बीटा, दोन्ही एकाच वर्णपटात येतात. एकाच कृष्णविवराचं वजन दोन रेषांवरून काढायचं आणि दोन्ही आकडे किती जुळतात ते पाहायचं. लांबच्या विश्वात हायड्रोजन-बीटा जमिनीवरच्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर जाते आणि मॅग्नेशियमवरच भागवावं लागतं, म्हणून ही तुलना आधी अंगवळणी पडलेली बरी.

पहिलं पाऊल, आपल्या आकाशगंगेच्या धुळीची दुरुस्ती. मग तरंगलांबी (१ + ताम्रसृती)नं भागून वर्णपट क्वेसारच्या चौकटीत आणा. इथे एक खोड लागते: तरंगलांबी भागली, पण फ्लक्स (प्रत्येक तरंगलांबीला येणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण) त्याच आकड्यानं गुणायचा राहिला. ‘तरंगलांबी गुणिले फ्लक्स’ हा गुणाकार एकाच चौकटीतले दोन्ही आकडे घेऊन केला की घोटाळा होत नाही. सरमिसळ झाली तर ताम्रसृती ७.५४ला तेजस्विता साडेआठ पट चुकते आणि वजन जवळजवळ तिप्पट. स्लोनच्या तरंगलांबी निर्वातातल्या आहेत, हेही लक्षात असू द्या. हवेतल्या आकड्यांशी तुलना केलीत तर रेषा सेकंदाला ८०-९० किलोमीटरनं सरकलेली दिसेल आणि तुम्हाला वाटेल की वायूचा झोत सापडला.

दुसरं पाऊल अखंड वर्णपटाचं. साधा घात-नियम घ्या, वर लोहाचं टेम्प्लेट (लोहाच्या रेषांचा तयार नमुना) चढवा. २२०० ते ३०९० अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यात लोहाच्या हजारो रेषा एकमेकींत मिसळून मॅग्नेशियमच्या दोन्ही बाजूंना टेकाडं उभी करतात. लोह न वगळता रेषा मोजली तर तिचे पंख फुगतात. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दोन वेगवेगळी लोह-टेम्प्लेटं वापरून पाहा. आलेल्या रुंद्यांमधला फरक हीच तुमची पहिली प्रामाणिक त्रुटी.

मग रेषा. एक ते तीन गॉसियन बसवा, सेकंदाला १२०० किलोमीटरपेक्षा अरुंद घटक वेगळा धरा, आणि अर्ध्या उंचीवरची रुंदी रुंद घटकांच्या बेरजेवरून मोजा, एकेका घटकावरून नाही. त्यातून यंत्राची रुंदी वर्गांच्या वजाबाकीनं काढा. वेब दुर्बिणीच्या निअरस्पेक या वर्णपटमापकात पृथक्करण (जवळच्या तरंगलांबी किती बारकाईनं वेगळ्या दिसतात त्याचं माप) साधारण १००, १००० आणि २७०० असतं, म्हणजे यंत्राचीच रुंदी सेकंदाला अनुक्रमे ३०००, ३०० आणि ११० किलोमीटर. प्रिझमच्या, म्हणजे १०० पृथक्करणाच्या डेटातून २५०० किलोमीटरची रेषा ‘मोजली’ असं कुणी म्हणालं तर ते यंत्रच मोजताहेत.

आता सूत्र. मॅग्नेशियमसाठी रूढ असलेलं एक असं: वजन = ७२ लाख सूर्य × (रुंदी ÷ १००० किमी प्रति सेकंद)चा वर्ग × (३००० अँगस्ट्रॉमपाशी तरंगलांबी × तेजस्विता ÷ १०^४४ अर्ग प्रति सेकंद)चं वर्गमूळ. सुरुवातीच्या क्वेसारवर लावून बघा. रुंदी २५००, तेजस्विता ३ × १०^४६. ७२ लाख गुणिले ६.२५ गुणिले १७.३. येतात ७८ कोटी. हेच ते ८० कोटी.

पण इथे थांबलात तर परीक्षक थांबवेल. त्या क्वेसारची मॅग्नेशियम रेषा २.३९ मायक्रॉनला सरकलेली आहे, जमिनीवरून दिसणाऱ्या ‘के’ नावाच्या अवरक्त पट्ट्याच्या अगदी टोकाला, जिथे दुर्बिणीचीच उष्णता डेटात उतरते. ३००० अँगस्ट्रॉमचा बिंदू गेला २.५६ मायक्रॉनला, वातावरणाच्या खिडकीबाहेर. जमिनीवरून निरीक्षण असेल तर तो आकडा त्याच्या अलीकडच्या तरंगलांबींवरचा उतार पुढे ओढूनच मिळतो. वातावरणाची शोषणं काढायला जवळचा तारा त्याच रात्री, त्याच उंचीवर घेतलेला हवा. तासभर आधीचा घेतला असेल तर रेषेच्या पंखात नसलेले खड्डे पडतात.

त्रुटी अशा काढा. वर्णपटात त्याच्याच नॉइजच्या मापाचा यादृच्छिक गोंगाट मिसळून किमान शंभर वेळा सगळं फिटिंग पुन्हा करा, आणि १६ व ८४ टक्क्यांचे आकडे घ्या. रुंदी वर्गात जात असल्यानं १५ टक्क्यांची त्रुटी वजनात ३० टक्के होते. ही झाली छोटी त्रुटी. मोठी त्रुटी सूत्राचीच: ते जवळच्या, कमी तेजस्वी दीर्घिकांवर, प्रतिध्वनी-मापनातून (केंद्राचा प्रकाश बदलल्यावर रेषा किती उशिरानं बदलते ते मोजून) बसवलेलं आहे आणि आपण ते कोवळ्या विश्वापर्यंत ताणतोय. ती प्रत्येक बाजूला साधारण तीन पटींची धरतात. पेपरमध्ये दोन्ही वेगळ्या लिहा. ‘७८ कोटी, अधिक-उणे २४ कोटी’ एवढंच लिहिलेला पेपर वाचणारा जाणकार पुढचं पान उलटत नाही.

लिटल रेड डॉट्सच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. रेषा रुंद दिसते ती वायूच्या वेगामुळेच, हे सूत्राचं मूळ गृहीतक. दाट, आयनीभूत वायूत प्रकाश इलेक्ट्रॉनांवर आपटत बाहेर येत असेल तर रेषेला घातांकी पंख फुटतात आणि वजन फुगतं. म्हणून गॉसियन आणि घातांकी, दोन्ही आकार बसवून पाहायचे. कोणता आकार चांगला बसला हे सांगितलं नाही तर परीक्षक ते नक्की विचारतो.

गाइड

गाइडचं नाव किती मोठं यापेक्षा त्याच्या मागच्या पाच-सहा विद्यार्थ्यांचं काय झालं ते बघा. एडीएस या खगोलशास्त्राच्या पेपर-सूचीवर त्यांची नावं टाका. पहिला पेपर पहिल्या दोन वर्षांत आला का, त्यात विद्यार्थी पहिला लेखक होता का, नंतर तो कुठे गेला. अर्ध्या तासाचं काम आहे, पण फार कमी जण करतात.

मोठ्या सहकार्यगटात जाणार असाल तर आणखी एक प्रश्न: लेखकांची यादी कशी ठरते? शंभर नावांच्या वर्णानुक्रमात तुमचं नाव कुठल्याही समितीला दिसत नाही. अशा गटात राहायचं, पण त्यातला एखादा स्पष्ट तुकडा, एखादं कॅलिब्रेशन किंवा एखादी यादी, ‘हे याचं’ असं म्हणता येईल इतपत आपल्या अंगावर घ्यायचा. पहिल्या भेटीत विचारा: डेटा आत्ता हातात आहे की यायचाय? जी दुर्बीण अजून उडालेली नाही तिच्यावर पूर्ण प्रबंध टांगू नका. वेब स्वतः अनेक वर्षं लांबणीवर पडत गेली, आणि तिची वाट पाहणाऱ्यांनी प्रबंध हबलच्या डेटावर पुरे केले.

पेपर

चार-पाच वर्षांत पहिल्या लेखकत्वाचे तीन पेपर असले तर अर्ज बळकट दिसतो. पहिला आपल्या पद्धतीचा, दुसरा त्याच पद्धतीनं काढलेल्या निकालाचा, तिसरा दोन्हींतून निघालेल्या नव्या प्रश्नाचा. हा क्रम लावला की मुलाखतीत सांगायला गोष्ट आपसूक तयार असते.

लिहिताना आधी आकृत्या. पाच आकृत्या भिंतीवर लावून त्या शब्दांशिवाय कळतात का ते पाहा, मग मजकूर. सारांशात आकडा त्याच्या त्रुटीसकट द्या. कोड आणि मोजमापांचे तक्ते झेनोडो या खुल्या साठवण-संकेतस्थळावर ठेवा. जे वापरता येतं त्याचा उल्लेख होतो, नुसतं वाचता येतं त्याचा तेवढा नाही.

आर्काइव्ह या पेपर खुले ठेवण्याच्या संकेतस्थळावर टाकायची वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळानं दुपारी दोन. दोननंतर लगेच आलेला पेपर दुसऱ्या दिवशीच्या यादीत वरती दिसतो, म्हणून कित्येक जण घड्याळ लावून बसतात. थोडं हास्यास्पद आहे खरं. त्याहून महत्त्वाचं हे की पेपर घाईत परीक्षणाआधीच टाकायचा की परीक्षणानंतर, हे सहलेखकांशी आधी ठरवा. २०१४च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ प्रयोगानं विश्वाच्या जन्मवेळच्या गुरुत्वीय लहरींचा माग सापडल्याचं पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, आणि वर्षभरात प्लँक उपग्रहाबरोबरच्या एकत्र विश्लेषणात तो मुख्यतः आकाशगंगेतल्या धुळीचा ठरला. मोजमाप उत्तम होतं, धुळीचा अंदाज कच्चा होता. एकाच वारंवारितेवर मोजलेला संकेत धुळीपासून वेगळा काढता येत नाही.

दुर्बिणीचा वेळ मागताना

वेबसाठी वर्षातून एकदा, साधारण ऑक्टोबरमध्ये अर्ज मागवतात. ऑक्टोबर २०२४च्या फेरीत २,३७७ अर्ज आले, मागितलेला वेळ सुमारे ७८,००० तास, म्हणजे उपलब्ध वेळेच्या जवळपास नऊपट. त्यामुळे चांगला अर्जही पडतो. तोच पुढच्या वर्षी समितीचे शेरे दुरुस्त करून पुन्हा टाकायचा असतो.

परीक्षण दोन्ही बाजूंनी निनावी चालतं. ‘आम्ही आमच्या मागच्या पेपरात दाखवल्याप्रमाणे’ असं वाक्य राहिलं तर अर्ज बाद होऊ शकतो. स्वतःच्या कामाचाही उल्लेख परक्यासारखा करायचा. पीडीएफच्या गुणधर्मांत नाव राहिलंय का, तेही तपासा.

समितीतला माणूस तुमच्या उपविषयातला नसतो आणि त्याच्यापुढे डझनावारी अर्ज असतात. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात तो आत्ताच्या डेटानं का सुटत नाही, आणि मग एक आकृती: खोट्या डेटावर तुमचं मोजमाप करून दाखवलेली. ‘तीन तासांत सिग्नल-टू-नॉइज १५ मिळेल, रुंदी १० टक्क्यांत कळेल, आणि तेवढ्यानं अ आणि ब ही बीज-चित्रं वेगळी पडतील’ अशी सलग साखळी दिसली पाहिजे. ‘आमची समज वाढेल’ या शब्दांवर अर्ज पडतात. तास मोजताना दुर्बीण वळवण्याचा आणि यंत्र लावण्याचा वेळही तुमच्या खात्यात धरला जातो हे विसरू नका. छोट्या कार्यक्रमात तो टक्का बराच भरतो.

पीएच.डी.चा विद्यार्थीही मुख्य अर्जदार होऊ शकतो. व्हायलाच हवं. मंजूर वेळ हा कुठल्याही शिफारसपत्राइतकाच बोलका असतो. आधी लहान, जमिनीवरच्या दुर्बिणीवर दोन रात्री मागून हात बसवा. ढग आले तर काय करायचं याची पर्यायी यादी अर्जातच द्या.

पोस्टडॉकचा हंगाम

पोस्टडॉकचा, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन-जागांचा, हंगाम ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत. जागा बहुतेक अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जॉब रजिस्टरवर येतात. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी फेलोशिपची मुदत सहसा सप्टेंबरात, नासाच्या हबल फेलोशिपची नोव्हेंबरच्या सुरुवातीला, बाकीच्या डिसेंबरपर्यंत. मेरी क्युरीत एक अट लोकांना शेवटच्या क्षणी नडते: मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. दीर्घ भेटीवर जाण्याआधीच हा हिशेब करा. आलेल्या प्रस्तावावर १५ फेब्रुवारीच्या आधी उत्तर मागू नये असा संस्थांमधला प्रघात आहे. कुणी डिसेंबरात घाई केली तर त्या तारखेचा सभ्यपणे उल्लेख करता येतो.

तीन शिफारसपत्रं लागतात. ती मुदतीच्या महिनाभर आधी मागा, आणि मागताना प्रत्येक जागेची तारीख, दुवा आणि ‘या कामाबद्दल तुम्ही लिहावं’ अशा दोन ओळी एकाच तक्त्यात द्या. तिन्ही पत्रं एकाच संस्थेतून आली तर समितीला प्रश्न पडतो की बाहेर हा माणूस कुणाला माहीत नाही काय. म्हणून तिसऱ्या वर्षापासून एक सहकार्य दुसऱ्या गटाशी जुळवा.

संशोधन-विधानात झालेलं काम एक तृतीयांश, पुढचं दोन तृतीयांश. पुढच्या कामात तीन प्रश्न पुरतात: एक हातातल्या डेटानं वर्षभरात सुटणारा, एक मिळवायच्या डेटावर, एक धाडसी. तिन्ही धाडसी असले की माणूस हवेत आहे असं वाटतं, तिन्ही खात्रीचे असले की गाइडचीच शेपूट वाटते. वीस-तीस अर्ज ही सामान्य संख्या आहे, आणि बऱ्याच ठिकाणांहून नकारसुद्धा येत नाही. नुसती शांतता येते. मार्चमध्ये दुसरी लाट असते, आधीचे नकारलेले प्रस्ताव खाली सरकतात, तेव्हा फोन बंद ठेवू नका.

याच काळात दुसरी वाट उघडी ठेवणं शहाणपणाचं. पीएच.डी. झालेल्यांच्या मानानं कायमच्या जागा फार थोड्या आहेत, आणि बेझियन फिटिंग, मोठा डेटा, प्रतिमा-विश्लेषण यांना विद्यापीठाबाहेर मागणी आहे. आपला कोड दुसऱ्याला चालवता येईल असा नीटनेटका ठेवला की दोन्हीकडे उपयोग होतो.

कायमची जागा

दुसऱ्या पोस्टडॉकच्या सुमारास प्रश्न बदलतो. ‘काय केलंस?’ जाऊन ‘गट काय करेल?’ येतो. मुलाखतीतलं व्याख्यान संपूर्ण विभागासाठी असतं. घनपदार्थवाल्या प्राध्यापकाला पहिली दहा मिनिटं कळली पाहिजेत, आणि त्यासाठी वरचं बीजाचं गणित फळ्यावर करून दाखवणं हा खात्रीचा उपाय आहे. बंद दाराआडच्या चर्चेत हमखास येणारे प्रश्न तीन: पहिल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी काय काम देणार, जुन्या गाइडपेक्षा तुमचं वेगळं काय, आणि मोठी दुर्बीण बंद पडली तर काय. तिसऱ्याचं उत्तर बहुतेकांकडे तयार नसतं.

सुरुवातीच्या निधीची यादी घरून करून न्या: एक पोस्टडॉक दोन-तीन वर्षांसाठी, एक विद्यार्थी, साठवणूक आणि संगणक-वेळ, सर्वेक्षणांची सदस्यता-वर्गणी, पेपर छापण्याचं शुल्क, प्रवास. यातल्या शेवटच्या तीन बाबी लोक विसरतात आणि मग दुसऱ्या वर्षी हात आखडतात. पहिल्या वर्षी शिकवण्याचा भार कमी देऊ असं तोंडी सांगितलं जातं. ते नेमणूकपत्रात लिहून घ्या, सही त्यानंतर. विभागप्रमुख बदलतात आणि नव्याला जुन्याचं बोलणं ठाऊक नसतं.